गोल्फचे निस्तारपत्रक

मराठी साहित्याच्या वर्गात गोल्फ हा शब्द उच्चारला तर बहुधा हशाच पिकेल. आपल्या कथा-कादंबऱ्यांनी, आणि त्याहून अधिक आपल्या चित्रपटांनी, या खेळाला एकच काम नेमून दिले आहे : धनिकाचा धनिकपणा अधोरेखित करणे. समीक्षाही तेवढ्यावर समाधान मानते. 'भांडवलदारांचा खेळ' असा शेरा मारला, की जमीन कोणाची, कुंपण कोणी घातले, आत कोणाला सोडतात, हे प्रश्न विचारण्याच्या कष्टातून सुटका होते. हा शेरा पुरोगामी समजला जातो. माझ्या मते तो कुंपण घालणाऱ्याच्या सोयीचा आहे. सामान्य माणसाने ज्या खेळाची इच्छाही धरू नये असे आपण ठरवतो, त्या खेळाखालच्या जमिनीवरचा हक्क आपण तेव्हाच सोडून दिलेला असतो.

प्रश्न अगदी व्यावहारिक रूपात मांडून पाहू. गोंदिया जिल्ह्यातील, समजा सालेकशाच्या वा अर्जुनी मोरगावच्या एखाद्या शिक्षकाला गोल्फ खेळून पाहावेसे वाटले. (वाटू नये असा शासननिर्णय अद्याप निघालेला नाही.) जवळचे मोठे शहर नागपूर. गोंदियाहून निघालेली गाडी तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड मागे टाकून नागपूरच्या अलीकडे कामठीला पोचते. कामठीची छावणी १८२१ सालची. तेथे गोल्फचे मैदान आहे. पण ते लष्कराचे आहे, आणि छावणीच्या फाटकाशी हौस हा परवाना होत नाही.

लष्करी शिस्तीला माझा विरोध नाही. पण नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा संरक्षण खात्याच्या जमिनींविषयीचा जो अहवाल २०११ साली संसदेपुढे आला, तो साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचण्यासारखा आहे. त्यात लष्कराच्या ताब्यातील ९७ गोल्फ मैदानांची नोंद असून त्यांखालची जमीन आठ हजार एकरांहून अधिक भरते. नागरिकांनाही सभासदत्व दिले जाते, शुल्क घेतले जाते, आणि तो पैसा सरकारी तिजोरीत जमा होत नाही, हा त्यातील मुख्य आक्षेप. मला अधिक रस आहे तो या मैदानांच्या अधिकृत नावात : 'लष्करी पर्यावरण उद्यान व प्रशिक्षण क्षेत्र'. उपमेयाचा निषेध करून त्याच्या जागी उपमानाची स्थापना करणे म्हणजे अपह्नुती अलंकार, असे आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो. हे गोल्फचे मैदान नव्हे, हे तर पर्यावरण उद्यान! यापेक्षा नेमके उदाहरण कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडेल? उद्यान म्हणावे तर फिरायला जाता येत नाही. प्रशिक्षण म्हणावे तर ते कशाचे, हे चेंडूलाच विचारावे लागेल.

आता दुसरा शब्द : 'सार्वजनिक'. मराठीत या विशेषणाला इतिहास आहे. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. जोतीराव फुल्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. दोन्हींचे 'सर्व जन' एकच नव्हते. त्या शब्दावर भांडण होते, आणि त्या भांडणानेच त्याला वजन आले. गोल्फच्या व्यवहारात मात्र 'सार्वजनिक' म्हणजे जो पैसे भरील तो. दिल्ली विकास प्राधिकरणाचे लाडोसरायचे कुतुब मैदान आणि सिडकोचे खारघर व्हॅलीचे मैदान या अर्थाने सार्वजनिक आहेत. आमचा शिक्षक गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने निघाला तर दुसऱ्या दिवशी खारघरला पोचू शकतो. मैदानाचे शुल्क आणि भाड्याच्या काठ्या हा खर्च पुढचा.

तरीही या तोकड्या अर्थाची बाजू मी घेईन. दरपत्रकाशी भांडता येते. दर अधिक आहे, विद्यार्थ्यांना सवलत द्या, असे लेखी म्हणता येते. सभासदनिवड समितीशी भांडता येत नाही, कारण ती कारण सांगत नाही. २०१७ साली दिल्लीच्या एका प्रतिष्ठित गोल्फ क्लबात, सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर, खासी समाजाच्या एका निमंत्रित स्त्रीला तिचा पारंपरिक पोशाख मोलकरणीसारखा दिसतो म्हणून भोजनकक्षातून उठायला सांगण्यात आले. तेथे एकदा तरी कारण उघड झाले, इतकेच.

'सर्व जन' या शब्दाचा भरीव अर्थ शोधायला गोंदियाच्या माणसाने दूर जाण्याचे कारण नाही. हा तलावांचा जिल्हा. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, तलाव शासनाकडे आले आणि 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून ओळखले जाऊ लागले. या मुलखात गावाच्या पडीत जमिनीवर कोणी गुरे चारावीत, जळण कोठून आणावे, माती-मुरूम कोठला घ्यावा, हे निस्तारपत्रकात लिहिलेले असते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, १६१ व्या कलमात, त्याची तरतूद आजही आहे. जमीन शासनाची, पण वापर गावाचा, आणि तो वापर कागदावर : निस्ताराची कल्पना एवढीच आहे.

आणि गोल्फचा इतिहास उघडला तर तेथेही हाच कागद निघतो. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज हे या खेळाचे माहेर. १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी तेथील समुद्रकाठच्या माळावर ससे पाळण्याची परवानगी गावाकडून घेतली. त्या सनदेत गावकऱ्यांनी आपले हक्क राखून ठेवले : गुरे चारणे, गवताची ढेपळे कापणे, नेमबाजी, फुटबॉल आणि गोल्फ. चराईच्या शेजारी गोल्फ! हे सरळसरळ निस्तारपत्रक आहे, फक्त पटवाऱ्याच्या जागी धर्मगुरू. पुढे १७९७ मध्ये कर्जबाजारी नगरपालिकेने माळ गमावला, सशांच्या व्यापाऱ्यांनी तो पोखरला, खेळाडूंनी वर्षानुवर्षे कज्जे केले, आणि १८९४ साली संसदेच्या कायद्याने माळ गावाकडे परत आला. आज बाहेरच्या पाहुण्याला तेथे जबर शुल्क पडते, आणि अनेकांना सोडतीत नाव निघण्याची वाट पाहावी लागते. पण स्थानिकाला सवलतीचा वार्षिक पास मिळतो. आणि रविवारी, एरवी, ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. त्या दिवशी ते जगप्रसिद्ध मैदान गावाची बाग असते. लोक कुत्री घेऊन फिरतात.

गोल्फ बंद करून मैदान सर्वांना खुले करावे, असेही कोणी म्हणेल. नाशिकने ते करून दाखवले आहे. तेथील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला गावातले लोक अजून 'गोल्फ क्लब' म्हणतात. क्लबाचे नाव तेवढे उरले, आणि मैदानावर लोक धावतात, क्रिकेट खेळतात. नाशिकसारख्या भर शहरातल्या जागेपुरते मला हे मान्य आहे. सगळीकडे तोच न्याय लावला तर मात्र जमीन मोकळी झाल्याबरोबर तिच्यावर माणसे फिरतील की इमारती उभ्या राहतील, याची हमी कोण देणार? पाण्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि ज्यांच्या धानाच्या बांध्या तलावाच्या पाळीवर ठरतात त्या लोकांपुढे त्याला हलके लेखण्याची माझी प्राज्ञा नाही. म्हणून तर कोणते पाणी, किती आणि कोणत्या महिन्यात, हेही पत्रकातच लिहिलेले असावे.

शासकीय जमिनीवरच्या प्रत्येक गोल्फ मैदानाला असे निस्तारपत्रक हवे. आठवड्यातला एक दिवस चालणाऱ्यांचा. शाळा-महाविद्यालयांचे तास ठरलेले. शुल्क आणि त्याचा हिशेब फाटकावर लावलेला. आणि इतरांच्या काठ्या वाहणाऱ्या कॅडींना खेळण्याचा हक्क, मेहेरबानी नव्हे. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर हा कॅडीच होता. त्याच्या आधी ही स्पर्धा भारतीयाने जिंकली होती ती १९६५ साली. मधल्या २६ वर्षांत किती अली शेर काठ्या वाहत राहिले, याची मोजदाद कोणत्याही क्लबाच्या दप्तरात सापडायची नाही.