कोबीतले मटार आणि आमचे संस्कृतिरक्षक

दिल्लीस वा कोलकात्यास बदलून आलेले चार मराठी अधिकारी एका पंगतीत बसले, की ताटातल्या भाजीवरून संस्कृतीची चिकित्सा सुरू होते. “कोबीत मटार? आमच्या घरी असले चालत नसे!” हा उद्गार मी इतक्या मुखांतून ऐकला आहे, की त्यास एकदा लेखी उत्तर देणे प्राप्त आहे.

ज्याच्या सोवळ्यासाठी हे गृहस्थ अडून बसतात तो कोबी मुळात युरोपातला. त्याचे नावही पोर्तुगिजांकडून आलेले. फोडणीतली मिरची त्यांनीच अमेरिकेतून आणली. मोहरी तेवढी जुनी, आणि ती तर कोबीच्याच कुळातली! शिवाय ‘आमचे घर’ म्हणजे कोणते? कोणाकडे भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कोणाकडे पीठ पेरून, कोणाकडे वरून ओले खोबरे. पाठारे प्रभूंकडे तर कोळंबी घालून भानोले. यांतले अस्सल कोणते, हे ठरविण्यास समिती नेमावी काय? मूठभर मटारांनी काही बुडत नाही.

बुडते ते निराळ्याच मार्गाने. कोबी विळीवर किती बारीक चिरायचा, पाण्याचा थेंब न घालता अंगच्या ओलाव्यावर कसा शिजवायचा, उग्र वास सुटण्याआधी कढई केव्हा उतरवायची, हे सारे हाताला ठाऊक असते. शिजून भाजी निम्मी होते, म्हणून कच्च्या ढिगाकडे पाहून मीठ घालू नये, ही गोष्ट कोणीतरी शेजारी उभे राहून सांगावी लागते. लक्ष्मीबाई धुरंधरांनी 1910 साली हजार पाकक्रिया ग्रंथित केल्या. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने 1970 साली वाटी-चमच्याचे माप हाती दिले. माहेरापासून दूर संसार मांडणाऱ्या कित्येकींना तोच आधार झाला. पण तुमच्या आईची चिमूट त्यांत कोठून असणार?

ती टिपून कोणी घ्यायची? कार्यभाराची यादी सहीनिशी हाती आल्यावाचून जे खुर्चीवर बसत नाहीत, त्या आमच्या अधिकाऱ्यांनी आईकडून एका भाजीचा तरी कार्यभार कधी घेतला आहे? ‘आईच्या हातची चव’ ही मागणी मात्र बिनचूक पत्नीच्या नावे निघते. ती दुसऱ्या घरातून आलेली, निराळ्या चवीवर वाढलेली; आणि आज पुष्कळदा माझ्यासारखी दिवसभर टिपण्या लिहून सायंकाळी सातास घरी पोचणारी. तिने वाटाण्याची पिशवी कढईत रिकामी केली, की परंपरा धोक्यात! विळी त्या घरात अजून आहे. तिच्यावर बसण्यास पुरुषांना मज्जाव करणारे परिपत्रक माझ्या तरी पाहण्यात नाही. गावी आई असेल, तर दूरध्वनीही आहेच.

तेव्हा पुढल्या पंगतीत ज्यांना मटारांवर शेरा मारावयाचा असेल, त्यांनी आधी एवढेच सांगावे: आपल्या घरी कोबीतली डाळ किती वेळ भिजत असे?