कोयत्याची नोंद कुठे आहे?

कंपनी नैतिक आहे की नाही हे ठरवायची हल्ली सोपी रीत आहे. तिचा चकचकीत वार्षिक अहवाल उघडा, झाडं किती लावली, प्लास्टिक किती वाचवलं ते बघा आणि गुण द्या. मला ही रीत मान्य नाही. मी सोलापूर जिल्ह्यातली. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आमच्याकडे आहेत, आणि थंडपेयातल्या साखरेचा हिशेब मी फडापासून सुरू करते.

हंगामाला बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाची उचल घ्यायची आणि ऊस तोडून फेडायची. नाही फिटली, तर पुढच्या हंगामात परत तोच मुकादम. एका दिवसाचा खाडा झाला की पैसे कापले. पाळी, बाळंतपण यांना या हिशेबात जागाच नाही. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे साधारण सहातल्या एकीचं.

मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'फुलर प्रोजेक्ट' यांच्या तपासाने कोका-कोला आणि पेप्सीच्या साखरेचा माग महाराष्ट्रातल्या याच फडांपर्यंत काढला. पुरवठादारांनी सक्तीची मजुरी, बालमजुरी करून घेऊ नये, असा कोका-कोलाचा लेखी नियम आहे. नियम उत्तम आहे, पण तो कारखान्याच्या फाटकाशीच थांबतो. आत मजुराची नोंद नाही, कारण मजूर मुकादमाचा. साखळीच अशी की प्रत्येकाला बोट दाखवायला पुढचा माणूस सापडतो.

कुणी म्हणेल, दोष आपल्या साखरसम्राटांचा आणि सरकारचा; परदेशी कंपनीला कशाला धरता? दोष त्यांचा आहेच. पण साखरेच्या शुद्धतेची अट हीच कंपनी घालते आणि कारखाने ती निमूट पाळतात, कारण न पाळल्यास माल परत जातो. तोडणाऱ्या बाईचं नाव हजेरीपटावर हवं, आजारपणाचा खाडा कापायचा नाही, ही अटही तशीच घालता येते. जी अट मोडल्यावर माल परत जात नाही, ती शोभेची.

बाटली फेकून द्या, असं मी म्हणत नाही. त्याने कुणाची उचल फिटणार नाही. कंपनीला एवढंच विचारा: साखर कुठल्या कारखान्याची, आणि तिथल्या कोयत्यांची नोंद कुठे आहे? ती दाखवेपर्यंत कोका-कोला माझ्या लेखी नापास.