स्थौल्यशस्त्रक्रियेनंतरचा भ्रम : हात सूतशेखराकडे जाण्यापूर्वी

स्थौल्यावरील शस्त्रक्रिया ही आता केवळ महानगरांतील श्रीमंतांची गोष्ट राहिलेली नाही. मोठ्या शहरात शस्त्रक्रिया करून घेतलेला साठी-पासष्टीचा रुग्ण छत्रपती संभाजीनगर, पैठण, वैजापूर वा सिल्लोड येथील आपल्या घरी परततो आणि पुढील तक्रारींसाठी जवळच्या वैद्याकडेच येतो. या तक्रारींत ‘उठले की चक्कर येते’ ही तक्रार वारंवार आढळते. या रुग्णांच्या बाबतीत आपला वैद्यवर्ग व औषधी विक्रेते जी सवयीची वाट धरतात, ती बदलणे आवश्यक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रस्तुत लेख त्यासाठीच आहे.

महाराष्ट्रात या शस्त्रक्रियेची चर्चा घरोघरी पोहोचली, ती २०११ साली श्री. नितीन गडकरी यांनी मुंबईत ती करून घेतल्यानंतर. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यांना भोवळ आली. त्या वेळी त्यांचे वय ६१ वर्षांचे होते. रक्तातील साखर कमी झाल्याचे त्यांनी स्वतःच जाहीर केले. या दोन घटनांचा संबंध जोडण्यास आमच्यापाशी काहीही आधार नाही आणि रुग्णास न तपासता दुरून निदान करणे वैद्यास शोभतही नाही. आमचा मुद्दा एवढाच की, साठी ओलांडलेली, पूर्वी अशी शस्त्रक्रिया झालेली व भोवळीची तक्रार करणारी व्यक्ती आपल्यासमोर बसली असता शस्त्रक्रियेविषयीचा प्रश्न विचारणे हे आपले कर्तव्य ठरते. रुग्ण तो इतिहास आपणहून सांगत नाही. शस्त्रक्रिया होऊन चार वर्षे झाली, तिचा आजच्या चकरेशी काय संबंध, असे त्यास वाटते.

२०२२ साली अमेरिकन व आंतरराष्ट्रीय शल्यसंघटनांनी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत या शस्त्रक्रियेसाठी वयाची वरची मर्यादा ठेवलेली नाही. वयापेक्षा शरीराची दुर्बलता पाहावी, असे त्यात सांगितले आहे. तेव्हा असे वृद्ध रुग्ण यापुढे वाढतच जाणार, हे उघड आहे.

संप्राप्तीचा विचार

महारोगाध्यायात भ्रमाची गणना वाताच्या नानात्मज विकारांत केली आहे, तर सुश्रुताचार्यांनी रज, पित्त व वात यांच्या संयोगातून भ्रमाची उत्पत्ती सांगितली आहे. एरवीच्या स्थूल रुग्णात आपण मेद व कफाचा विचार प्रथम करतो. येथे मात्र तो रुग्ण स्थूल ‘होता’, हे विसरता कामा नये. स्लीव्ह शस्त्रक्रियेत आमाशयाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढला जातो. बायपासमध्ये अन्न ग्रहणी व लघ्वंत्राचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते. अल्प काळात शरीराचा मोठा भार उतरतो. ही अवस्था संतर्पणाची नसून तीव्र अपतर्पणाची आहे, आणि तीही वाताचे प्राबल्य असलेल्या वयात. रुग्णाचे पोट अद्याप सुटलेले दिसत असले तरी त्याचे मांस व बल क्षीण झालेले असते. अशा रुग्णास मेदोहर गुग्गुळ, त्रिफळा वा विरेचन चालू ठेवणे म्हणजे क्षीणास अधिक क्षीण करणे होय.

कारणे एक नव्हेत, अनेक

‘चक्कर’ हा एक शब्द, पण त्यामागील कारणे भिन्न आहेत. काळानुसार त्यांची विभागणी केल्यास ती ध्यानात ठेवणे सोपे जाते.

पहिल्या काही आठवड्यांत मुख्य कारण जलक्षय हे असते. एका वेळी चार घोटांहून अधिक पाणी पोटात मावत नाही, वृद्धांस तहानही कमी लागते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी पार करतो. त्यातच रक्तदाबाच्या व मूत्रल गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू असतात. वजन उतरले की रक्तदाबही उतरतो. गोळ्या मात्र उतरत नाहीत. अशा रुग्णास पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब घ्यावा व उभे केल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटास पुन्हा घ्यावा. वरचा अंक २० वा खालचा अंक १० ने उतरला तर चकरेचे एक ठोस कारण हाती लागले, असे समजावे.

दुसरे कारण आहाराशी निगडित आहे. गोड पदार्थ लघ्वंत्रात वेगाने उतरल्यास अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड व चक्कर येते. दुसऱ्या प्रकारात जेवणानंतर एक ते तीन तासांनी साखर एकदम खाली येते. हा प्रकार बहुधा शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने वा त्याहून उशिरा डोके वर काढतो. उन्हाळ्यात वाटीभर केसर आंब्याचा रस किंवा एकादशीस साबुदाण्याची खिचडी, एवढे निमित्त त्यास पुरते. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी वा इन्सुलिन चालू असल्यास धोका दुणावतो. म्हणून चक्कर येत असतानाच साखर मोजणे महत्त्वाचे. सकाळच्या उपाशीपोटीच्या तपासणीत ती स्वाभाविक दिसू शकते.

तिसरे कारण पोषणक्षयाचे. लोहाच्या कमतरतेने पांडुता येते. बी-१२ जीवनसत्त्वाचा साठा वर्षानुवर्षे पुरत असल्याने त्याची उणीव उशिरा प्रकट होते, विशेषतः शाकाहारी व मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णांत. पायांस बधिरता आणि अंधारात वा डोळे मिटताच तोल जाणे, या लक्षणांस केवळ ‘वार्धक्यातील वात’ म्हणून सोडून देऊ नये.

सलाईनविषयी एक इशारा

शस्त्रक्रियेनंतर आठवडेच्या आठवडे उलट्या होत असलेल्या रुग्णात थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, झपाट्याने संपते. शरीरातील त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. अशा रुग्णास चक्कर, चालताना झोकांड्या, दुहेरी दिसणे व बुद्धिभ्रम ही लक्षणे दिसू लागल्यास मेंदूस कायमची इजा होण्याचा संभव असतो. ग्रामीण भागात ‘अशक्तपणा आहे, सलाईन लावा’ असा आग्रह नातेवाईक धरतात. थायामिन न देता ग्लुकोजची बाटली चढविल्यास हीच अवस्था अधिक बिघडू शकते. म्हणून येथे आपल्या दवाखान्यात बाटली लावण्यात वेळ न दवडता रुग्णास घाटीत वा जवळच्या मोठ्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे व चिठ्ठीवर ‘स्थौल्यशस्त्रक्रिया झालेली, सतत उलट्या’ हे शब्द ठळक लिहावेत. काळसर मलप्रवृत्ती, शुद्ध हरपणे, छातीत दुखणे वा एका बाजूची शक्ती जाणे, यांतही हाच नियम लागू आहे.

आपल्या कपाटातील औषधे

भ्रम म्हटला की सूतशेखर हे आपल्या हाताशी असते. पण त्यात वत्सनाभ व धत्तूरबीज आहेत. ज्याचा रक्तदाब आधीच खाली गेला आहे अशा कृश वृद्धास ते सरसकट देणे योग्य नव्हे. सर्पगंधायुक्त कल्प रक्तदाब आणखी उतरवतात. पुनर्नवा, गोक्षुर मूत्रल आहेत. दुर्बलतेसाठी दिले जाणारे च्यवनप्राश, शतावरी कल्प व इतर अवलेह यांत साखर भरपूर असते. वर वर्णन केलेली चक्कर त्यांनीच वाढू शकते. आसव-अरिष्टांत स्वयंनिर्मित मद्यांश असतो आणि बायपास झालेल्या रुग्णात मद्य त्वरेने रक्तात उतरते. ही औषधे वाईट आहेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती या रुग्णासाठी, या अवस्थेत विचारपूर्वक निवडावीत, एवढेच म्हणतो.

औषधी दुकानदार बंधूंस आमची विनंती आहे की, वृद्ध ग्राहक ‘चकरेचे काहीतरी द्या’ म्हणून आला असता ‘पोटाची वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे काय?’ हा एक प्रश्न अवश्य विचारावा. उत्तर होकारार्थी असल्यास वेदनाशामक गोळ्या हातावर ठेवू नयेत. त्यांनी व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या एकत्र घेऊ नयेत, त्यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, हेही सांगावे.

मग वैद्याने करावे काय?

काही वैद्यमित्र विचारतील की, सर्वच गोष्टींसाठी रुग्ण पाठवायचा तर आयुर्वेदाचे कार्य ते काय उरले? आमच्या मते ते उरलेच आहे, नव्हे, येथेच आहे. रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्यांची मात्रा आपण परस्पर बदलू नये. मूळ चिकित्सकास दूरध्वनी करून ती बदलून घ्यावी. पण रुग्ण दिवसभरात काय खातो, कसे खातो, किती पाणी पितो, याची बारकाईने चौकशी करण्यास आपल्याइतका वेळ अन्य कोणापाशी आहे? पेया, विलेपी, यूष या संसर्जन क्रमाची ज्यास जाण आहे, त्यास द्रवाहारातून घनाहाराकडे नेण्याचे तत्त्व नव्याने शिकवावे लागत नाही. मात्र केवळ पेयेवर भागणार नाही. अशा रुग्णास दिवसाकाठी किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. मुगाचे दाट यूष, दही, पनीर, चालत असल्यास अंडे वा मांसरस, यांची थोड्या थोड्या प्रमाणात योजना करावी. पाणी जेवणासोबत न देता अर्ध्या तासाच्या अंतराने घोटाघोटाने, दिवसभरात सुमारे दीड लिटरपर्यंत जाईल असे पाहावे. अंथरुणातून उठताना आधी बसावे, मग उभे राहावे, हे शिकवावे. एकादशी असो वा रोजा, उपवासापूर्वी चिकित्सकाचा सल्ला घेण्यास सांगावे. संतर्पणीय अध्यायात सद्यःक्षीण व चिरक्षीण यांचे संतर्पण निरनिराळ्या गतीने करावयास सांगितले आहे. तो विवेक येथे पदोपदी कामी येतो.

वृद्ध माणूस चक्कर येऊन पडतो तेव्हा खुब्याचे हाड मोडते, आणि अनेकांचे त्यानंतरचे आयुष्य खाटेवर जाते. हे टाळण्यासाठी महागडी उपकरणे नकोत. शस्त्रक्रियेविषयीचा एक प्रश्न, उभ्या-आडव्याचा रक्तदाब, चकरेच्या वेळची साखर आणि चालू औषधांची यादी, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक दवाखान्यात होऊ शकतात. आपल्या संघटनेने या चार गोष्टींचा एक छोटा मराठी तक्ता छापून सर्व सभासदांस व औषधालयांस द्यावा, अशी आमची सूचना आहे. येत्या सभेत तिचा विचार व्हावा.