कुंभीर यक्षाचा होनोलुलूतला खटला

दीघ निकायातल्या महासमय सुत्तात कुंभीर नावाचा एक यक्ष येतो. तो राजगृहाचा, राहणार वेपुल्ल पर्वतावर. बौद्ध धर्माबरोबर हे नाव जपानला पोहोचले आणि तिथे त्याचे ‘कोम्पिरा’ झाले. शिकोकू बेटावर त्याचे मोठे स्थान उभे राहिले. खलाशी आणि कोळी त्याला समुद्रावरचा राखणदार मानू लागले. बुद्ध आणि शिंतो देव तिथे शेकडो वर्षे एकत्र नांदले. १८६८ साली मेजी सरकारने हुकूम काढून त्यांची फारकत केली. कोम्पिराचे ‘कोतोहिरा’ झाले, बौद्ध खुणा काढून टाकल्या गेल्या. पुढे सरकारने शिंतोला सम्राटाच्या भक्तीला जुंपले.

१८८५ पासून हजारो गरीब जपानी शेतकरी करारावर हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांत राबायला गेले. त्यांच्याजवळ नंबराचा बिल्ला असे. मुकादम नावाने नव्हे, नंबराने हाक मारी. सारख्याच कामाला पोर्तुगीज मजुराला महिना २२.५० डॉलर, तर जपान्याला १८. या भेदाविरुद्ध १९०९ साली त्यांनी मोठा संप केला. संप मोडला गेला, पण पुढे मालकांना पगार वाढवावे लागले.

अशा कष्टकऱ्यांच्या समाजाने १९२० साली होनोलुलूत कोतोहिराचे छोटे देवालय स्थापन केले. नवे मूल तिथे दर्शनाला आणायचे, नववर्षाला सगळ्यांनी जमायचे, गावाकडची बोली ऐकायची. परमुलखात एवढा आधारही थोडा नसतो.

७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्याच दिवशी हवाईत लष्करी कायदा लागला. शिंतो पुजाऱ्यांची धरपकड झाली, देवालये बंद पडली. १९४५ साली युद्ध संपले, पण संशय संपला नाही. १९४८ साली अमेरिकन सरकारने ‘शत्रूची मालमत्ता’ म्हणून हे देवालय ताब्यात घेतले.

आता हे पाहा. जपानहून आलेल्या मजुराला अमेरिकेचा नागरिक होण्याची कायद्यानेच बंदी होती. ती १९५२ साली उठली. म्हणजे आधी दार लावून घ्यायचे आणि मग म्हणायचे, तू बाहेरचा! त्यांची तिथे जन्मलेली मुले मात्र जन्मानेच अमेरिकन नागरिक होती.

मंडळी रडत बसली नाहीत. १९४९ साली त्यांनी सरकारवर दावा लावला. १९५० साली न्यायमूर्ती मॅक्लॉफलिन यांनी निकाल देवालयाच्या बाजूने दिला. एखाद्याची श्रद्धा किंवा शिकवण पसंत नाही म्हणून सरकारला त्याची मालमत्ता घेता येणार नाही, असा त्याचा सारांश. होनोलुलूच्याच इझुमो तैशाक्यो मंडळाला मात्र आपली वास्तू परत मिळायला १९६२ साल उजाडले.

कुणी विचारील, यक्षाच्या देवळाची एवढी कड कशाला? कुंभीर नवसाला पावतो की नाही, हा प्रश्नच नाही. धर्माच्या नावाने सम्राटाला देव करणे वाईटच, आणि त्याची फार मोठी किंमत जपानच्या जनतेने व शेजाऱ्यांनी मोजली. पण राजाचे पाप मजुराच्या माथी का मारावे? निकालाने नेमका हाच फरक केला, म्हणून तो आम्हांला मोलाचा वाटतो.

आणखी एक. दावा लावता आला, कारण देवालय ही रीतसर नोंदलेली संस्था होती. तेव्हा आपल्या वस्तीतले मंडळ असो, वाचनालय असो की पतपेढी, नोंदणीचा दाखला, जागेचे कागद आणि पावत्या कुणाकडे आहेत, हे येत्या रविवारी एकदा विचारून घ्या. त्या देवालयात १९५२ पासून विद्येच्या देवाचीही स्थापना झाली आहे, आणि आईबाप आजही तिथे मुलांना घेऊन जातात.