अर्जावर सही कुणाची?

परदेशातल्या विद्यापीठात शिकायला जाण्याचा विषय आपल्या अंकात कशासाठी, असं काही मैत्रिणी विचारतील. ऊसतोडीला जाणाऱ्या, नवऱ्याने टाकलेल्या बायांचे प्रश्न समोर असताना हे चार शिकलेल्या मुलींचे लाड नाहीत का? मला तसं वाटत नाही. हा प्रश्नही त्याच घरातून येतो, जिथे बाईच्या नावावर काहीच नसतं.

हिंगोली जिल्ह्यात सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या मुली आता पदवीपर्यंत, काही जणी एम.ए., एम.एस.डब्ल्यू.पर्यंत पोहोचल्या आहेत. त्यातली एखादी बाहेर अर्ज करते म्हणाली की सगळे तिला इंग्रजीची भीती घालतात. इंग्रजी मेहनतीने येतं. पण इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेची नुसती फीच २०२४ साली सतरा हजारांच्या घरात होती. २०२४-२५ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे आईने जवळजवळ दोन महिने रोज माती उचलावी, तेव्हा लेकीने एक परीक्षा द्यावी.

समजा तेही झालं, प्रवेशाचं पत्र आलं. आता कर्ज. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. सूट मिळते ती मोजक्या नामांकित विद्यापीठांसाठी. केंद्राने २०२४ साली विनातारण कर्जाची पीएम-विद्यालक्ष्मी योजना आणली, तीही देशातल्या निवडक संस्थांपुरतीच. शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा तयार नसतात. त्यांना घर लागतं, प्लॉट लागतो. आणि सहकर्जदार म्हणून वडिलांची, लग्न झालं असेल तर नवऱ्याची किंवा सासरच्यांची सही लागते.

घर कुणाच्या नावावर? वडिलांच्या, नाहीतर भावाच्या. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. पण आपल्याकडे लग्नानंतर बहिणीला चोळी-बांगडी करून हक्कसोडपत्रावर सही घेतात. माहेर तुटू नये म्हणून ती करते. ज्या सहीने ती आपला वाटा सोडते, त्याच सहीने पुढे शिकायचा रस्ताही बंद होतो, हे तिला कुणी सांगत नाही. मग बँकेत तिच्या गुणांना काय किंमत? तिच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी सही करायची, आणि तो दुसरा म्हणतो, “एवढ्या पैशात लग्न होईल.”

उरते शिष्यवृत्ती. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त आणि भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांसाठी आहे. दोन्हींत ३० टक्के जागा मुलींना आहेत. हे चळवळीने मिळवलेलं आहे आणि ते टिकवलं पाहिजे. पण केंद्राच्या योजनेला वयाची अट ३५ वर्षांची. सतराव्या वर्षी लग्न लावून दिलेली, पंचविशीत माहेरी परत आलेली, मग बाहेरून बी.ए. केलेली बाई या हिशोबात कुठे बसते? तिची वर्षं कुणी खाल्ली, हे वयाचा दाखला विचारत नाही. शिवाय २०२२ साली केंद्राने नियम केला, की भारतातली संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज यांवरच्या संशोधनाला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. म्हणजे ऊसतोड कामगाराच्या मुलीने ऊसतोड बायांवर संशोधन करते म्हटलं, तर तिला या योजनेत जागा नाही.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, तेव्हा नवऱ्याचा आग्रह त्यांच्या मागे होता. रखमाबाईंची गोष्ट वेगळी. नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग, असा निकाल मुंबईच्या न्यायालयाने १८८७ साली दिला. त्या गेल्या नाहीत. प्रकरण मिटल्यावर १८८९ साली त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. त्यांच्या मागे नवरा नव्हता. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची आणि इतर हितचिंतक होते. एका बाईने दुसरीसाठी पैसे जमवले, शब्द टाकला.

हे काम आज आपल्या संघटनांचं आहे. पहिलं, गावातल्या बैठकीत हक्कसोडपत्राचा विषय मुलीच्या शिक्षणाशी जोडून बोलू या. दुसरं, परीक्षेच्या फीसाठी बचतगटाच्या महासंघाकडून बिनव्याजी रक्कम मिळवू या, आणि उत्पन्नाचा, जातीचा दाखला काढायला मुलीबरोबर तहसीलला जाऊ या. तिसरं, सरकारकडे तीन मागण्या करू या: परित्यक्ता, विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांना वयात सूट द्या, शिष्यवृत्तीतली विषयबंदी उठवा, आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जाला बाईच्या एकटीच्या सहीवर सरकारने हमी द्यावी.

सगळ्याच मुलींनी परदेशी जावं असं माझं म्हणणं नाही. पण जिला जायचंय, तिला घरातल्या पुरुषाच्या सहीसाठी थांबावं लागू नये. पुढच्या जिल्हा बैठकीत हा विषय घ्यावा, अशी माझी सूचना आहे.