डीफ्रॅग मारण्याआधी स्क्रीन वाचा!

प्रत्येक घरात एक पद असतं. त्याची जाहिरात निघत नाही, मुलाखत होत नाही आणि पगार तर नाहीच नाही. ‘घरातला कॉम्प्युटर बघणारा’ हे ते पद. वाय-फाय गेलं, प्रिंटर रुसला, पीसी हळू झाला की हाक आपल्यालाच. तुम्ही बीए करत असा नाहीतर बीफार्म, घरातले सगळ्यात लहान असाल तर इंजिनीअर तुम्हीच! आमच्या कराडच्या घरात हे पद माझ्याकडे आहे. गेल्या दिवाळीत या पदावर असताना मी एक चूक केली. त्या चुकीबद्दलच आज लिहायचंय, कारण ती तुमच्यापैकी अनेकजण करणार आहेत, किंवा करून बसले आहेत.

आमच्याकडे २०१३ सालचा डेस्कटॉप आहे, ५०० जीबीची हार्ड डिस्क असलेला. बाबा त्यावर सोसायटीचा हिशेब ठेवतात. त्याच डिस्कवर आजीचे २७ व्हिडिओ होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती दुपारी जात्यावरच्या ओव्या म्हणायची आणि मी फोनवर शूट करायचे. फोन भरला तेव्हा ‘पीसीवर सेफ राहतील’ म्हणून तिकडे टाकले आणि फोनमधून उडवले. आजी आता नाही.

दिवाळीला घरी गेले तर पीसी सुरू व्हायलाच दहा मिनिटं. आतून अधूनमधून टक टक आवाज. बाबा म्हणाले, ‘‘बघ गं जरा, काय झालंय.’’ मी एक व्हिडिओ बघितला, त्यात सांगितलं होतं, पीसी स्लो झालाय? डीफ्रॅग मारा! रात्री अकरा वाजता बटण दाबलं आणि झोपले. सकाळी उठले तर काम ३८ टक्क्यांवर अडकलेलं. बंद करून पुन्हा सुरू केला, तर विंडोज उघडेचना.

आता जरा समजून घेऊ, डीफ्रॅग म्हणजे नेमकं काय. कॉलेजचा दहाजणांचा ग्रुप एसटीत चढतो. सलग जागा नसते, म्हणून कुणी ड्रायव्हरच्या मागे, कुणी शेवटच्या बाकावर. तिकिटं काढायला कंडक्टरला अख्खी बस फिरावी लागते. हार्ड डिस्कवर हेच होतं. फाइलला सलग जागा मिळाली नाही की तिचे तुकडे मिळेल तिथे ठेवले जातात. डिस्कमध्ये खरोखरची गोल तबकडी फिरत असते आणि एक बारीक हेड त्यावर पुढे-मागे सरकून तुकडे वाचतं. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणारी तबकडी एका फेरीला साधारण ८ मिलिसेकंद घेते. हेड सरकणार, मग तबकडी फिरून हवा तो भाग खाली येणार, यात एका तुकड्यामागे साधारण १३ मिलिसेकंद जातात. किरकोळ वाटतं ना? पण फाइलचे हजार तुकडे असतील तर नुसत्या शोधाशोधीत १३ सेकंद गेले! डीफ्रॅग हे तुकडे उचलून शेजारी शेजारी बसवतं. ग्रुप एका रांगेत आला की कंडक्टरचं काम झटपट.

म्हणजे सल्ला मुळात खोटा नव्हता. १९९३ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ६ मध्ये डीफ्रॅगची सोय होती. बाबांना ऑफिसातलं विंडोज ९८ आठवतं. डीफ्रॅग लावलं की स्क्रीनवर रंगीत चौकोन सरकत राहायचे आणि लोक चहा पीत ते बघत बसायचे. तेव्हा हे काम माणसालाच आठवणीने करावं लागायचं. पण २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून ते ठरलेल्या वेळी आपोआप होऊ लागलं. विंडोज १० आणि ११ मध्येही आठवड्याचं वेळापत्रक आधीच लावलेलं असतं. आपण ‘जुगाड’ म्हणून जे करतो, ते मशीन बहुतेक वेळा गुपचूप करून मोकळं झालेलं असतं.

आणि मधल्या काळात डिस्कच बदलली. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यात तबकडी नाही, हेड नाही, फिरणारं काहीच नाही. हा कंडक्टर जागेवरून न हलता कुठल्याही सीटचं तिकीट फाडू शकतो. मग ग्रुप कुठे का बसेना! उलट एसएसडीच्या पेशींवर किती वेळा लिहायचं याला मर्यादा असते. डीफ्रॅग म्हणजे सगळं उचलून पुन्हा लिहिणं, म्हणजे फायदा जवळपास शून्य आणि झीज मात्र फुकट. एसएसडीला विंडोज ‘ट्रिम’ नावाची वेगळी सूचना देतं. कुठल्या जागा आता रिकाम्या आहेत, एवढंच त्यात डिस्कला कळवलं जातं. त्यामुळे वेगळं डीफ्रॅग सॉफ्टवेअर डाउनलोड करून एसएसडीवर चालवणाऱ्यांनी प्लीज थांबा.

माझी डिस्क मात्र जुन्या पद्धतीचीच होती. मग चुकलं कुठे? बटण दाबण्याआधी त्याच खिडकीत एक ओळ लिहिलेली होती : ‘ओके, ४ टक्के फ्रॅगमेंटेड’. म्हणजे मशीन मला सांगत होतं, तुकड्यांचा प्रॉब्लेम नाहीये. संथपणाचं कारण दुसरं होतं आणि ते टक टक करून ओरडत होतं. डिस्क खराब होत चालली होती. अशा डिस्कला रात्रभर उचल-ठेव करायला लावणं म्हणजे ताप अंगात असलेल्या माणसाला घर आवरायला लावणं. मी ती ओळ वाचलीच नाही, कारण व्हिडिओतल्या स्टेप्समध्ये ‘वाचा’ ही स्टेप नव्हती.

गावातल्या रिपेअरवाल्या काकांनी डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून निघेल तेवढं काढून दिलं. १६ व्हिडिओ मिळाले. ११ उघडत नाहीत. काका एवढंच म्हणाले, ‘‘आवाज यायला लागला तेव्हाच आणायचा होता.’’ डीफ्रॅगने डिस्क मारली असं मी म्हणणार नाही, ती मरतच होती. पण ज्या रात्री मी तिला कामाला जुंपलं, त्या रात्री २७ व्हिडिओ पेनड्राइव्हवर कॉपी करता आले असते. त्याला अर्धा तासही लागला नसता.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी वहीत सोसायटीचा हिशेब पुन्हा मांडायला घेतला. ते बघणं जास्त अवघड होतं.

आपल्याला ‘डिजिटल पिढी’ म्हणतात. मला वाटतं, आपण स्टेप्स पाठ असलेली पिढी आहोत. इथे क्लिक करा, मग तिथे, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. स्टेप का करायची, ती कुठल्या मशीनसाठी होती, कुठल्या साली बरोबर होती, हे आपण विचारत नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर प्रयोग केले तर नुकसान आपलं. घरच्या पीसीवर मात्र बाबांचे हिशेब, ताईची सर्टिफिकेटं, कुणाचा तरी आवाज असतो. घरचे ‘तुला कळतं’ म्हणून विश्वासाने माउस हातात देतात, तेव्हा ‘मला आधी बघू दे’ म्हणायला लाज कसली?

कुणी म्हणेल, एवढा अभ्यास कोण करणार, सरळ नवीन एसएसडी टाकावी. टाका की! जुन्या पीसीला तिने जेवढा फरक पडतो, तेवढा कुठल्याच डीफ्रॅगने पडत नाही. पण ती टाकायच्या आधीही जुन्या डिस्कवरचं काढून घ्यावंच लागतं. आणि एसएसडीसुद्धा एक दिवस बंद पडतेच, तीही बऱ्याचदा टक टक न करता.

तेव्हा पुढच्या सुट्टीत घरी गेलात आणि ‘बघ जरा’ अशी हाक आली, तर आधी कॉपी करा. जाणकार सांगतात तो हिशेब सोपा आहे : महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. मग स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅग’ टाइप करा. जी खिडकी उघडेल तिच्यात ‘मीडिया टाइप’खाली डिस्क कुठली आहे ते दिसेल. ‘सॉलिड स्टेट’ असेल तर विंडोजला त्याचं काम करू द्या. हार्ड डिस्क असेल तर शेजारचा टक्का वाचा. तो कमी असेल तर प्रॉब्लेम दुसरीकडे आहे. जास्त असेल, कॉपी झालेली असेल आणि डिस्क शांत असेल, तर मग मारा डीफ्रॅग खुशाल. आवाज येत असेल तर मात्र बटणाला हात लावू नका, पीसी बंद करा आणि जाणकाराकडे न्या.

आजीचे १६ व्हिडिओ आता माझ्याकडे, बाबांकडे आणि ऑनलाइन ड्राइव्हवर, असे तीन ठिकाणी आहेत. उरलेल्या ११ मध्ये कुठल्या ओव्या होत्या, ते आठवायचा प्रयत्न आई आणि मी अजून करतोय.