शंभर पाण्यांचे तूप आणि रात्रीचा चेहरा

दिवाळीत घरातल्या आरशाला फार काम पडते. पहिल्या अंघोळीला अंगाला तेल लागते, उटणे लागते, आणि दोन दिवस चेहरा कसा तुकतुकीत दिसतो. मग पाडवा होतो, भाऊबीज होते, पाहुणे आपापल्या गावी परततात. कोरडा वारा सुटला की तोच चेहरा ओढल्यासारखा वाटू लागतो. हसायला जावे तर ओठ उलतात आणि कपाळावर हात फिरवला तर कोंडा हाताला लागतो. नेमके याच दिवसांत दुकानांच्या काचांमागे गोंडस बरण्या मांडलेल्या असतात. ‘रात्री लावा, सकाळी पाहा,’ ‘त्वचा घट्ट, ओलसर, टवटवीत’ असे त्यांवर छापलेले असते, आणि शेजारी एक हिरवे पान काढून ‘संपूर्ण नैसर्गिक’ अशी ग्वाहीही दिलेली असते.

आमच्या वन्सं बँकेत काउंटरवर बसतात. वय सत्तेचाळीस. मध्यंतरी पासबुक भरायला आलेल्या एका पोराने त्यांना सरळ ‘आजी’ म्हणून हाक मारली. त्या संध्याकाळी वन्संनी साडेअठराशे रुपयांची बरणी घरी आणली. बरणीत क्रीम होते पन्नास ग्रॅम. मी हिशेब मांडला तेव्हा ग्रॅमला सदतीस रुपये पडले. साजूक तूपसुद्धा लाजेल असा भाव! तुपाचे नाव निघाले तशा सासूबाई म्हणाल्या, “अगं, तुपाचंच करतात की! शंभर पाण्यांनी धुवायचं. माझी आजी भाजल्यावर लावायची.” बरणी दुकानदाराने परत घेतली, आणि वन्सं, सासूबाई व मी अशा तिघींनी चार आठवडे घरच्या क्रीमची परीक्षा घ्यायची ठरवले.

सासूबाई सांगत होत्या ते म्हणजे आयुर्वेदातले शतधौत घृत. करण्याची रीत सोपी, पण खांदे मजबूत हवेत. तांब्याच्या स्वच्छ परातीत 100 ग्रॅम साजूक तूप घ्यावे. त्यात वाटीभर गार पाणी घालून तांब्याच्या लोट्याच्या बुडाने गोल गोल घोटावे. दोनेक मिनिटांनी पाणी ओतून टाकावे आणि नवे घालावे. असे शंभर वेळा. मोजणी चुकू नये म्हणून आम्ही चवळीचे शंभर दाणे एका वाटीत घेतले आणि दर खेपेला एक दाणा दुसऱ्या वाटीत टाकला. पिण्याचे पाणी उकळून गार केलेले वापरले. सगळे मिळून मोठी बादलीभर लागले, वेळ गेला साडेतीन तास. साठाव्या दाण्याला घरातल्या पुरुषमंडळींनाही परातीशी बसवले, तेव्हा सौंदर्य म्हणजे काय कष्टाचे काम असते ते त्यांच्या ध्यानात आले.

तुपाचे रूप मात्र पाहण्यासारखे पालटते. विसाव्या पाण्याला पिवळेपणा उतरतो, पन्नासाव्याला वास जवळजवळ जातो, आणि शेवटी परातीत पांढरेशुभ्र, लोण्याहून मऊ, बोटावर घेताच गार लागणारे क्रीम उरते. यात जादू काही नाही. घोटता घोटता पाण्याचे अगदी बारीक थेंब तुपात अडकून बसतात. ते अंगाला लावले की पाणी उडून जाते आणि गार वाटते. दुसऱ्या शतकात रोममध्ये राहणाऱ्या गॅलन नावाच्या ग्रीक वैद्याने मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी घोटून जे मलम केले, त्याचेही मर्म हेच. म्हणून तर त्या जातीच्या मलमाला पुढे ‘कोल्ड क्रीम’ हे नाव पडले. आपल्याकडे 1919 साली मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी ‘अफगाण स्नो’ काढला. तो मात्र वेगळ्या जातीचा, चेहऱ्यावर चोळताच दिसेनासा होणारा. दिवसा पावडरीखाली स्नो आणि रात्री निजताना कोल्ड क्रीम अशी वाटणी पुष्कळ घरांत पुढे कित्येक वर्षे होती.

रात्रीच का, असे कोणी विचारील. त्यालाही कारण आहे. आपल्या त्वचेचा अगदी वरचा थर कागदाहून पातळ असतो. विटा रचून मध्ये चुना भरावा तशी त्याची बांधणी. विटा म्हणजे मृत पेशी आणि चुना म्हणजे त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ. या भिंतीतून अंगातले पाणी सतत थोडे थोडे उडून जात असते, आणि दिवसापेक्षा रात्री ते अधिक जाते. वय वाढले, हवा कोरडी झाली किंवा साबण फार चोळला की चुना झिजतो आणि भिंतीला फटी पडतात. क्रीम तीन प्रकारांनी मदत करते. तूप, मेण किंवा पेट्रोलियम जेली वर झाकण घालून पाणी अडवते. बदामाच्या तेलासारखी तेले फटी बुजवून खरखर घालवतात. ग्लिसरीनसारखा पदार्थ पाणी ओढून धरतो. दुकानातली बरणी कितीही महाग असली तरी त्वचा ओलसर राखण्याची तिची करामत या तिहींतच येते.

आता आमची परीक्षा. रोज रात्री तोंड कोमट पाण्याने धुवायचे, टॉवेलने नुसते टिपायचे, आणि त्वचा दमट असतानाच वाटाण्याएवढे क्रीम लावायचे, पण ते फक्त डाव्या गालावर. पहिले दोन आठवडे उजवा गाल कोरा ठेवला. पुढचे दोन आठवडे उजव्या गालावर साधी पेट्रोलियम जेली लावली. कोणत्या गालावर काय ते भाचीला सांगितले नव्हते. ती रोज सकाळी आणि संध्याकाळी खिडकीपाशी उभे करून आम्हा तिघींचे गाल तपासायची. परीक्षक इतकी कडक, की वन्संनी तिला चहाची लालूच दाखवूनही उपयोग झाला नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत सकाळी सातला ती डावा गाल अचूक ओळखी. तो मऊ असे, भरलेला दिसे, डोळ्यांखालच्या बारीक रेघाही पुसट वाटत. संध्याकाळी सहाला मात्र दोन्ही गाल सारखेच. पुढल्या दोन आठवड्यांत सकाळीसुद्धा तिची पंचाईत होऊ लागली. साडेतीन तासांचे तूप कोणते आणि दुकानातली स्वस्त जेली कोणती, ते तिला सांगता येईना. चौथ्या आठवड्याच्या शेवटी वन्संनी मला आरशासमोर उभे करून विचारले, “वहिनी, खरं सांगा. घट्ट झालाय का चेहरा?”

मी म्हटले, “वन्सं, मऊ झालाय. घट्ट नाही झाला.”

त्या हसल्या, पण थोडा वेळ आरशाकडे पाहत राहिल्या. भगिनींनो, सगळी गोम या दोन शब्दांत आहे. सकाळी जो भरीवपणा दिसतो तो पाण्याचा. सुकलेला मनुका भिजत घातला की फुगतो तसा वरचा थर फुगतो, आणि पाणी उडाले की पुन्हा बसतो. हा लाभ खराच आहे, पण तो दिवसभराचाही नाही. त्वचेचा खरा घट्टपणा खालच्या थरात असतो. तेथे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे खाटेच्या नवारीसारखे ताणलेले असतात. वयाबरोबर ही नवार सैल होते. बायकांत पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत तर सुमारे 30 टक्के कोलॅजेन कमी होते असे मानतात. मग बरणीतले कोलॅजेन वरून चोळले तर? त्वचेतून सहज आत शिरणाऱ्या पदार्थाचा रेणुभार साधारण 500 च्या आत असावा लागतो आणि कोलॅजेनचा असतो सुमारे तीन लाख! म्हणजे उंबऱ्यावर हत्ती आणून उभा केल्यासारखेच ते. दार कितीही सताड उघडा, आत यायचा नाही.

या नवारीचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे ऊन. उन्हातले काही किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात आणि कोलॅजेनचे धागे तोडतात. पटत नसेल तर स्वतःच्या दंडाची आतली बाजू पाहा आणि मग मनगटाची बाहेरची. वय दोन्हींचे सारखेच, पण दंड दहा वर्षांनी लहान दिसेल. तेव्हा चेहरा घट्ट राखायचा असेल तर खरा उपाय रात्रीचा नसून दिवसाचा आहे. छत्री, पदर किंवा ओढणी हवी आणि बाहेर पडताना तीसच्या वरच्या अंकाचे सनस्क्रीन हवे. घरात कोणाला विडीकाडीचे व्यसन असेल तर तेही सोडवावे, कारण धुरानेही सुरकुत्या लवकर पडतात. रात्री लावण्याचे, सुरकुत्यांवर खरोखर थोडाफार गुण देणारे एक औषध आहे, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातले ट्रेटिनॉइन. उन्हाने जून झालेल्या त्वचेवर ते गुण देते असे अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 साली दाखवून दिले. पण ते औषध आहे, प्रसाधन नव्हे. सुरुवातीला त्याने कातडी सोलवटते, गर्भारपणी ते वर्ज्य, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून त्याला हात लावू नये.

आता थोडे ‘नैसर्गिक’ या शब्दाविषयी. पाराही निसर्गातच सापडतो. 2023 साली केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात काही रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा होऊन लघवीवाटे प्रथिने जाऊ लागली. शोध घेता घेता डॉक्टर येऊन पोचले ते गोरेपणाच्या क्रीमपाशी, आणि त्यात निघाला पारा. काही ‘गोरे करणाऱ्या’ मलमांत स्टिरॉइड असते. त्याने चेहरा आठ दिवस उजळतो आणि मग कातडी पातळ होते, लाल होते, मुरुमे उठतात. म्हणून घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता आणि परवान्याचा क्रमांक नसलेली बरणी, मग ती शेजारणीने कितीही वाखाणलेली असो, घरात आणू नये. घरगुती उपायांतही डोळे उघडे ठेवावेत. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात गेले तर डाग पडू शकतात. दुधाची साय रात्रभर ठेवली तर आंबते. कोरफड आणि गुलाबपाणी घालून केलेले क्रीम टिकाऊ द्रव्यावाचून थोड्याच दिवसांत बुरशी धरते.

ज्यांना हे तूप करून पाहायचे असेल त्यांनी एवढे पाळावे. थोडेच करावे. काचेच्या कोरड्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवावे, बोट न घालता कोरड्या चमच्याने काढावे आणि पंधरा दिवसांत संपवावे. आम्हीही महिन्याला दोनदा केले. वास खवट आला तर मोह न धरता टाकून द्यावे. चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूस तीन-चार रात्री लावून पाहावे. खाज किंवा पुरळ उठले तर पुढे जाऊ नये. ज्यांचा चेहरा मुळात तेलकट आहे किंवा ज्यांना मुरुमे येतात त्यांनी तूप आणि खोबरेल दोन्ही चेहऱ्यापासून लांब ठेवावीत. आणि हो, ताजे भाजले तर त्यावर तूप नको. गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे हाच आजचा नियम. सासूबाईंनीही तो आता मान्य केला आहे.

सासूबाईंवरून आठवले. आमच्या परीक्षेतला सर्वांत मोठा लाभ चेहऱ्याला झालाच नाही. थंडीत त्यांच्या पोटऱ्यांना रात्री इतकी खाज सुटते, की दिवा लावून खाजवत बसतात आणि सकाळी ओरखडे दिसतात. उरलेले तूप वाया कशाला घालवायचे म्हणून त्यांनी ते पायांना लावायला सुरुवात केली. अंघोळीचे पाणीही कढतऐवजी कोमट घेतले आणि पायांचा साबण बंद केला. आठवडाभरात खाज निम्म्यावर आली आणि तिसऱ्या आठवड्यात त्या रात्रभर स्वस्थ झोपू लागल्या. वयाने कातडी कोरडी पडून सुटणारी खाज घरोघरी असते. म्हातारी माणसे ती सांगत नाहीत आणि आपण विचारत नाही. तूप नसेल तर पेट्रोलियम जेली चालेल, कोकणातल्या माणसांना कोकमाचे मुठेल ठाऊकच आहे. मात्र खाज अंगभर असेल आणि आठवडे दोन आठवडे हटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. तिच्यामागे मधुमेह, मूत्रपिंड किंवा यकृताचे दुखणेही असू शकते. आणि तेल-तूप लावलेल्या पायांनी फरशीवर घसरू नये म्हणून मोजे घालावेत.

वन्संनी साडेअठराशे रुपयांचे काय केले म्हणाल? त्यांनी एक चांगली छत्री, एक सनस्क्रीन आणि जेलीची डबी घेतली, आणि उरलेल्या पैशांत भाचीला परीक्षकाचा मेहनताना म्हणून ओवाळणी घातली. काउंटरवर परवा पुन्हा कोणीतरी ‘आजी’ म्हणाले. वन्संनी त्याला त्याचा अर्ज परत दिला आणि सांगितले, “बाळा, सही राहिली आहे बघ. आजीला दिसलं, तुला नाही दिसलं.”

यंदाच्या पहिल्या अंघोळीला चेहऱ्याबरोबर घरातल्या थोरल्यांच्या पाठी आणि पोटऱ्याही तेलाने माखा. दिवाळी तुम्हा सर्वांना सुखाची जावो.